नावं ठेवलेला पतंग

नगरच्या स्टँडवरून सोलापूरकडे जाणारी एसटी सुटली, तेव्हा मी मोबाईलवरचा एकच फोटो पुन्हा पुन्हा मोठा करून पाहत होते. पंज्याएवढा तपकिरी पतंग आणि त्याच्या पाठीवर माणसाची कवटी. खाली माझी मैत्रीण रोहिणी हिचा निरोप होता : "हा घरात शिरला आणि त्याच संध्याकाळी सासऱ्यांच्या छातीत कळ आली. ते नगरला दवाखान्यात आहेत. माझा पायगुण वाईट ठरलाय. आज मला माहेरी घालवणार. ये."

पायगुणाविरुद्ध मी कितीतरी पत्रकं वाटली आहेत. पण तो शब्द ज्या घरात आधीच जाऊन बसलाय, तिथे निघण्याची ही पहिलीच वेळ होती.

घाईत चुकून मिरजगावच्या अलीकडच्याच फाट्यावर उतरले. पुढे एका टेम्पोवाल्याने रोहिणीच्या सासरच्या वस्तीपर्यंत सोडलं. बाजरी निघाली होती, ज्वारीसाठी रानं तयार होती, बांधांवर तीळ उभे होते. उशीर झाला असेल तर?

रोहिणी दारातच होती. तिची बॅग उंबऱ्याशी भरून ठेवलेली. अंगणात कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घातलं होतं.

"पाकुळी हाय त्यात," सासूबाई म्हणाल्या. पतंगाला मारायचं धाडस कुणाला झालं नव्हतं. पण पाहुणीला उपाशी कसं ठेवायचं, म्हणून त्यांनी आधी भाकरी-ठेचा वाढला. दोन घास खाऊन मी उठले.

मग मी माहितीचा कागद काढला आणि डालगं उचलून दाखवू लागले. ही कवटी म्हणजे केसाळ पाठीवरची नुसती नक्षी. पोट पिवळं, त्यावर काळे पट्टे. मागचे पंखही पिवळेच. पोळ्यात शिरून मध चोरणारा हा हॉक मॉथच्या कुळातला पतंग. याची अळी तिळाचा पाला खाते, तेव्हा तो तुमच्याच बांधावर वाढलाय, रोहिणीच्या माहेराहून आलेला नाही. बोलता बोलता मी त्याला बोट लावलं आणि तो उंदरासारखा चिरकला. माझ्या हातून डालगं निसटलं.

"हे न्हाई वाटतं तुमच्या कागदात?" सासूबाईंनी विचारलं.

चिडून मी त्याचं शास्त्रीय नाव सांगितलं : अ‍ॅकेरॉन्शिया स्टिक्स.

"म्हंजी काय वं?"

खोटं बोलणं मला जमेना. स्टिक्स ही ग्रीक लोकांची मेलेल्यांची नदी, आपल्या वैतरणीसारखी; एका इंग्रज विद्वानाने ते नाव ठेवलेलं.

"मंग तुमच्या सायबांनीबी तेच वळखलं की," त्या शांतपणे म्हणाल्या. रोहिणीने माझ्याकडे पाहिलं. मी तिची बाजू मांडायला आले होते आणि तिच्याविरुद्धचा पुरावा देऊन बसले होते.

तेवढ्यात रोहिणीच्या नवऱ्याचा दवाखान्यातून फोन आला. सासऱ्यांचा धोका टळला होता. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला, मग सुनेला म्हणाल्या, "पाकुळी शुभच हुती म्हनायची. पोरी, पायगुन चांगला हाय तुझा. ठिव ती बॅग आत."

मला हायसं वाटलं. चांगला तर चांगला, विषय इथेच मिटावा, असंही वाटलं.

"नगं, आत्या," रोहिणी सासूबाईंना म्हणाली. "चांगलाबी नगं. मामंजींना उद्या साधा ताप आला तर पुन्हा बॅग भरायची का? मला पायगुनच नगं."

सासूबाई बॅगेकडे वळल्या. "मंग ऱ्हा बिनपायगुनाची," त्या पुटपुटल्या, आणि बॅग स्वतःच उचलून आत घेऊन गेल्या.

रोहिणीने पतंग तळहातावर घेतला आणि तिळात सोडला.

परतीच्या एसटीत नगर येईपर्यंत मी फोन हातातच धरून बसले होते. सासरे घरी येतील, पुढे कधीतरी आजारीही पडतील. त्या पतंगाला कुणा विद्वानाने पाठीवरची नक्षी पाहून नाव ठेवलं. रोहिणीला मात्र, काहीच न पाहता, नावं ठेवली गेली. पतंगाला त्याचं नाव ठाऊक नाही, म्हणून तो सुखाने उडतो. रोहिणीला ती नावं ठाऊक आहेत, आणि तरी ती तिथे राहिली.