हौदाचं पाणी

लग्न संध्याकाळचं, आणि मल्हारीनं भर दुपारी मेंढ्यांचा अख्खा कळप कोठीच्या लॉनवर बसवला. चोरून नव्हे, फाटक उघडून, फेटा सावरून, वऱ्हाडाला आत घ्यावं तसं. त्याच्या हिशेबानं तो मालकाचं भलंच करत होता.

गंगापूर रस्त्यावरची ही कोठी निजामाच्या राज्यात एका जहागीरदारानं शिकारीला आल्यावर उतरायला बांधली. मागं बाग, बागेत हौद. मल्हारीच्या आज्यानं तेव्हाच भांडून ठरवून घेतलेलं: मेंढ्या बागेत बसवायच्या, लेंडीखत कोठीचं, मग हौदाचं पाणी मेंढ्यांचं. जहागीरदार गेला, कोठीत सरकारी धान्य आलं. मग मुलींची शाळा भरली. मल्हारीची दिपाली तिथंच सातवीपर्यंत शिकली. मेंढ्या आल्या की सगळा वर्ग खिडकीला. पुढं आप्पासाहेबांनी कोठी घेऊन कापूस भरला. ज्यानं त्यानं भिंतींचा रंग बदलला, हौदाच्या पाण्याला कुणी नाय म्हणलं नाही.

आता आप्पासाहेबांचा कृष्णा तिथं लग्नं लावतो. मल्हारीनं आपली मेंढरं चुलतभावाच्या, धोंडिबाच्या हवाली केली आणि फाटकावर चाकरीला उभा राहिला. जहागीरदाराच्या ज्या शिपायाला आजा मुजरा करायचा, त्याच्यासारखाच फेटा आता नातवाच्या डोक्यावर. फक्त मागून वेलक्रोनं चिकटवायचा.

कृष्णा गाडीतून उतरला तेव्हा निम्मं लॉन मेंढ्यांच्या पोटात होतं.

"मल्हारीमामा, हे गवत पुण्याहून आणलंय. गादीसारखं गुंडाळून."

"लेंड्या पडल्यात मालक. पंधरा दिसांत दुप्पट यील."

"नवरदेव सातला येतोय. त्याला पंधरा दिवस थांब म्हणू?"

कळपामागं आलेला धोंडिबा हसला. मल्हारी म्हणाला, "तेवढं पाणी पाजू द्या. बसवून झाल्यात."

"हौदात रंगीत दिवे सोडलेत, करंट लागंल. अन् मामा, पुन्हा मेंढरू आत दिसलं तर..." कृष्णानं वाक्य पुरं केलं नाही. एकदा मामा म्हणून बसलं की कामावरून काढीन म्हणणं जड जातं.

मल्हारीनं स्वतःच काठी घेतली. मेंढ्या सवयीनं हौदाकडं वळत होत्या आणि तो त्यांना फाटकाकडं हाकत होता. आज्यानं जहागीरदाराशी भांडून मिळवलेलं पाणी; नातवानं ते एका फेट्यापायी सोडलं.

पंधरवड्यानं लॉन खरंच दाट हिरवं झालं. कृष्णा येणाऱ्याजाणाऱ्याला माळ्याचं कौतुक सांगतो. धोंडिबा कळप आडवाटेनं नेतो. एकदा तेवढा रस्त्यापलीकडं थांबला. मल्हारी फेटा काखेत मारून भेटायला गेला.

"खत पोचलं का कोठीला?"

"पोचलं."

"मंग मेंढरांचं एक पाणी राहिलं तुझ्याकडं."

"व्हय," मल्हारी म्हणाला. तेवढ्यात फाटकावर हॉर्न वाजला, आणि तो फेटा चिकटवत पळाला.