न झालेली बदली

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी मी कुकर लावत होते, तेव्हा कॉन्व्हेंटमधून फोन आला. "आंटी, हमारी सिस्टर चली गईं," एवढंच बोलून तिथल्या एका तरुण सिस्टरनं फोन ठेवला. मी गॅस बंद करून टेबलाशी बसले, आणि पहिली आठवण आली ती तुमची, माझ्या दूरदेशीच्या नातवंडांची. सिस्टर रोझालियाबद्दल मी तुम्हाला एक गोष्ट खोटी सांगितली आहे. ती गेली, आता तरी ते खोटं तसंच राहू नये.

तुम्हाला ती अंधुक आठवत असेल. ठेंगणी, सावळी, राखाडी साडीतली, पायात पुरुषी सँडल घालणारी, स्कूटी नीट थांबायच्या आतच उतरून चालू लागणारी. जशपूरकडच्या एका उरांव आदिवासी घरात जन्मलेली, नर्सिंग शिकून इथल्या चर्चच्या छोट्या दवाखान्यात आलेली. दुपारी दवाखाना बंद झाला की ती अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडे फिरायची. कधी रिसालीत, कधी चरोद्याच्या रेल्वे क्वार्टरांत. तुमच्या पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, खुब्याचं हाड मोडून पडल्या आणि महिन्याभरात त्यांच्या पाठीला जखमा झाल्या, तेव्हा ती आमच्याकडे येऊ लागली.

पहिल्या दिवशी सासूबाईंनी तोंड भिंतीकडे केलं. चौथ्या दिवशी मात्र त्यांनीच विचारलं, "एवढी धडधाकट पोरगी तू, लगन कावून नाही केलं वो?" विदर्भातून इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये कामाला आलेल्या लोकांच्या घरांतून सिस्टरनं त्यांचीच मराठी उचलली होती. जखम धुता धुता ती म्हणाली, "तुमच्यासारखी सासू भेटन म्हनून घाबरली मी, आजी." सासूबाई इतक्या हसल्या की कण्हू लागल्या. त्या भंडाऱ्याकडच्या खेड्यातल्या. मोहाची फुलं वेचायला पहाटे जंगलात जाणं दोघींनाही ठाऊक होतं. कुणाची टोपली आधी भरायची, अस्वल कुठे समोर आलं, फुलं कशी वाळवायची... रोज हेच. मी रायपूरच्या इंग्रजी शाळेत शिकलेली. टॉवेलच्या घड्या घालत ऐकत राहायची. दुमडलेली चादर अंगाखाली घालून, तिची टोकं धरून दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, हे तिनंच मला शिकवलं. मी लगेच वेळांचा तक्ता करून कपाटावर चिकटवला. "मॅडम, तुमी तं शाळाच भरवली," ती म्हणाली.

जखमा भरत आल्या होत्या, तेव्हा गल्लीतल्या एका गृहस्थांनी मला फाटकाशी गाठलं. "भाभीजी, ये रोज-रोज क्यों आती है? बूढ़ी अम्मा से क्या बुलवा लेगी, आपको पता भी नहीं चलेगा. लोग बातें कर रहे हैं." त्या खोलीत काय बोलणं चालतं हे मला माहीत होतं. धर्म बदलण्याचं काही नाही, फक्त मोह आणि अस्वल. तेवढं सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. भीती नेमकी कशाची होती? आमचं कुणाचं काही अडणार नव्हतं. गल्लीत आपलं नाव निघू नये, एवढीच. दुसऱ्या दिवशी सिस्टरला मी आत येऊच दिलं नाही. "आता आम्ही बाई ठेवली आहे," म्हणाले. बाई-बिई कुणी नव्हती. तिनं माझ्याकडे पाहिलं, पिशवीतून पट्ट्या आणि मलम काढून माझ्या हातात दिलं. "दोन तास चुकवू नका, मॅडम," म्हणाली आणि स्कूटी वळवली.

सासूबाईंना मी सांगितलं, तिची बदली झाली. सिस्टर लोकांच्या बदल्या होतातच, म्हणून ते खपलं. फोनवर तुम्ही विचारलंत, तेव्हा तुम्हालाही तेच. "सांगून तं जायाचं होतं," सासूबाई म्हणाल्या. पुढचे चार महिने मधूनच, काही संबंध नसताना, म्हणायच्या, "रोजा सांगून नाही गेली." ते मनात घेऊनच त्या गेल्या. सिस्टर तेव्हा आमच्यापासून स्कूटीवर दहा मिनिटांवर होती.

ती सांत्वनाला आली होती. चार माणसं बसलेली होती, त्याचं मला बरं वाटलं. नंतर आठ वर्षं वैशाली नगरच्या बाजारात अधूनमधून भेटायची, माझ्या गुडघ्यांची चौकशी करायची. मी भाजी निवडत राहायची...

या हिवाळ्यात कळलं की तिला कॅन्सर आहे आणि ती अंथरुणावर आहे. मी गेले. लोखंडी पलंग, एक फळी, फळीवर चष्मा. मी सगळं सांगितलं, बदलीसकट. ती डोळे मिटून ऐकत होती.

"किती दिवस इचारत होती आजी?"

"शेवटपर्यंत."

तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. जाऊ द्या, असं ती म्हणेल असं मला वाटलं होतं. ती तसं म्हणाली नाही. तिनं विचारलं, "कूस बदलत होत्या ना तुमी? येळेवर?"

"हो. एकदाही चुकवलं नाही."

"परत जखम नाही झाली मंग?"

"नाही."

तिनं मान हलवली. "माझी बी बदला आता. हे पोरगी लई भेते मले हात लावाले."

दाराशी उभी असलेली तरुण सिस्टर लाजली. मी चादरीची टोकं धरली. तिचं काही वजनच उरलं नव्हतं. तिनं मला क्षमा केली का, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून ती जाईपर्यंत मी रोज दुपारी गेले. आपल्या रीतीत नसूनही तिच्या शवपेटीवर मूठभर माती टाकली.

त्या खोलीत आता दुसऱ्या एक म्हाताऱ्या सिस्टर आहेत; त्यांची कूस बदलायला मी जाते. त्या मल्याळम बोलतात, आम्हाला एकमेकींचा एक शब्दही कळत नाही. फळीवर आता त्यांचा चष्मा असतो. काल ऑटोची वाट पाहत उभी होते, तर समोरच्या घरातल्या नव्या सूनबाईनं हाक मारली, "आंटीजी, इतनी धूप में कहाँ?"

"कॉन्व्हेंट," मी म्हणाले. "एक सिस्टर को करवट दिलाने."

"रोज जाती हैं?"

तिच्यामागे दारात तिचे सासरे उभे होते, आठ वर्षांपूर्वी फाटकाशी आलेले तेच गृहस्थ.

"रोज," मी म्हणाले, त्यांनाही ऐकू जाईल असं.