जावेचा आठवा ठिपका

गणिताची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले, तरी दुसऱ्याची चूक दिसली की माझं तोंड आवरत नाही. आमच्या झरी गावात कुणालाही विचारा. म्हणून माझीच चूक चव्हाट्यावर आली तेव्हा सगळ्यांना लय बरं वाटलं.

झालं असं, की दुर्बिणीतून मला एक तारा जादा दिसला. एखादा अंधूक तारा एकाएकी हजारो पटींनी उजळतो, त्याला नवतारा म्हणतात. मला वाटलं, घबाड सापडलं. दुसऱ्या रात्रीची वाट न पाहता हौशी निरीक्षकांच्या आमच्या गटाला कळवून मोकळी झाले. दुसऱ्या रात्री बघते तर तो सरकलेला, साधा लघुग्रह. "बाई, तारे चालत नसतात," असं एकानं लिहिलं. पुन्हा चुकले तर दुर्बीण माळ्यावर टाकायची, असं मी ठरवून टाकलं.

यंदा माघातल्या एका पहाटे वृश्चिकाच्या शेपटीजवळ पुन्हा तसंच. नकाशात सात तारे, मला दिसले आठ. पण माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा उरला नव्हता.

धाकटी जाऊ खाली अंगण झाडत होती. तिची ठिपक्यांची रांगोळी गल्लीत नावाजलेली. एकदा बघितलेली मांडणी ती विसरत नाही. तिला गच्चीवर बोलावलं. स्टँडवरची दुर्बीण दाखवली, हातात रांगोळीची डबी दिली आणि काहीच न सांगता म्हटलं, "यात दिसतंय तसं फरशीवर मांड."

"आक्का, थंडीत हे काय काढलंय तुमी?" पुटपुटत तिनं डोळे लावले. बराच वेळ काढलेच नाहीत. मग चिमटीनं ठिपके सोडायला लागली. सहा, सात. पुन्हा एकदा दुर्बिणीत बघितलं आणि आठवा ठेवला, बरोब्बर तिथंच.

मी त्या ठिपक्याशेजारी बसले. कुठंतरी भडका उडाला तेव्हा झरी नव्हती, रांगोळी नव्हती. तो उजेड हजारो वर्षं चालत आत्ता पोचला, तोही माझ्या जावेच्या डोळ्यांत. मला रडूच आलं.

तरी कळवलं नाही. रांगोळी तशीच ठेवली. दुसऱ्या पहाटे दोघींनी ठिपक्यांशी ताडून पाहिलं. तो जागचा हलला नव्हता. मग कळवलं.

उत्तर आलं: परदेशातल्या कुणीतरी आदल्या रात्रीच नोंदवलाय, तुमच्या नोंदीनं तो पक्का झाला. म्हणजे एका दिवसानं हुकलं. दिवसभर मी भांडी आपटत होते.

"त्याला दिसला खरा," जाऊ म्हणाली, "पर दुसरं कुणी हो म्हणस्तोवर त्यो बी वाटच बघत बसला असंल की, तुमच्यासारका."

दुर्बीण माळ्यावर गेली नाही. तारा आता विझत चाललाय. जाऊ रोज पहाटे अंगण झाडायच्या आधी गच्चीवर येते, बघते, आणि आठवा ठिपका कालच्यापेक्षा बारीक काढते.