इंजिनाच्या जागी चार भटजी

गाडीचं बोनेट काढलेलं होतं, आत इंजिन नव्हतं आणि इंजिनाच्या जागी चार भटजी बसले होते. दोन फळ्या, फळ्यांवर चार पाट, पाटांवर चार तृप्त पोटं. मी खाली जमिनीवर. साडीवर खाकी कोट, हातात जॅकचा दांडा.

"मी सांगेपर्यंत कोणी हलायचं नाही," मी वरच्यांना बजावलं. चौघांत वडील असलेल्या तात्यांनी ढेकर देऊन होकार दिला.

या अवस्थेला मी कशी पोचले ते आधी सांगते. अभियांत्रिकीत याला साइट कंडिशन म्हणतात.

आमचं घर मंगला गौरीच्या देवळाजवळ, घाटावरच्या मराठी वस्तीत. तिथल्या गल्लीत सायकलसुद्धा हातात धरून आणावी लागे. अशा मोहल्ल्यातल्या मुलीने गाड्यांचा डिप्लोमा करणं म्हणजे, वडिलांच्या मते, पोहायला शिकून माळ्यावर राहायला जाणं. पण मी केला. वर्गात मी एकटीच मुलगी होते आणि ही गोष्ट मी कोणाला विसरू देत नसे. रिक्षावाल्यालाही सांगायची. आज त्या मुलीशेजारी मला बसवलं तर मी जागा बदलून घेईन.

लहुराबीरला मिश्राजींचं गॅरेज होतं. त्यांनी मला पहिल्या दिवशीच सांगितलं, "एक महीना देखेंगे, इंजीनियर साहिबा. नहीं जमा तो लड़कियों के स्कूल में साइंस पढ़ाइए."

महिनाभर मी त्यांना पुस्तकातली वाक्यं ऐकवली. त्यांनी मला स्पार्क प्लग पुसायला लावले. आणि ज्या दिवशी महिना भरत होता, त्या दिवशी सकाळी त्यांनी मला नानांच्या घरी पाठवलं.

नाना म्हणजे संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक, आमच्याच मोहल्ल्यातले. गल्लीतलं घर सोडून त्यांनी भेलूपुरला नवं घर बांधलं होतं, आणि त्याचं खरं कारण गाडी होती. जुनी विलायती गाडी. कंपनीचं नाव सांगत नाही, बिचारीची काही चूक नव्हती. तिचं इंजिन दुरुस्तीला आमच्या गॅरेजात आलेलं आणि बाकीचा सांगाडा त्यांच्या मागच्या अंगणात पत्र्याखाली उभा. पुढच्या दोन्ही स्प्रिंगा बसल्या होत्या, म्हणून गाडी कायम नमस्कार घातल्यासारखी दिसायची.

"शाम पाँच बजे आऊँगा," मिश्राजी म्हणाले. "तब तक आगे की दोनों स्प्रिंग निकाल के रखिए. अकेले. निकल गईं तो नौकरी पक्की." मग त्यांनी हातभर लांब साखळी माझ्या पुढ्यात टाकली. "पहले चेन, फिर पाना. यह किताब में न हो तो लिख लीजिए."

ते पुस्तकात होतंच. मी त्यांना पान क्रमांकही सांगितला.

कॉइल स्प्रिंग म्हणजे अंगठ्याएवढ्या जाड सळईचं वेटोळं. पुढच्या प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूला एक. वरून तिच्यावर गाडीचं वजन, खालून तिला टेकू देणारा एक लोखंडी हात, त्याला लोअर आर्म म्हणतात. मधल्या मध्ये ती वर्षानुवर्षं दबून गप्प बसलेली असते, एकत्र कुटुंबातल्या धाकट्या सुनेसारखी. तिला मोकळं करायचं तर हळूहळू करायचं. लोअर आर्मखाली जॅक लावायचा, भार जॅकवर घ्यायचा, जोडणीचा बोल्ट काढायचा आणि जॅक तसूतसूने खाली आणायचा. साखळी एवढ्यासाठी की सुनेने मध्येच डोक्यात राख घातली तरी तिने घराबाहेर जाऊ नये.

मी गाडीचा सांगाडा दोन लोखंडी घोड्यांवर, म्हणजे तिपायी टेकूंवर, ठेवला. डावं चाक काढलं. लोअर आर्मखाली जॅक लावून दांडा मारला. स्प्रिंग दबायच्या ऐवजी गाडीच घोडीवरून वर उचलली गेली. पुन्हा मारला. गाडी आणखी वर. इंजिन नसल्यामुळे पुढून ती इतकी हलकी होती की स्प्रिंगला दाबायला वजनच नव्हतं. पुस्तकात इंजिन नसलेल्या गाडीबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. मी अनुक्रमणिकासुद्धा पाहिली.

तेवढ्यात घरातून आवाज आला, "सावकाश होऊ द्या."

त्या दिवशी नानांकडे वास्तुशांत होती. होम झालेला. आग्नेय कोपऱ्यात, म्हणजे स्वयंपाकघरात, जमिनीत खड्डा घेऊन त्यात वास्तुपुरुषाची प्रतिमा ठेवून झालेली. वरून माती आणि फरशी टाकायला मिस्त्री दुपारनंतर येणार होता. आणि आत पुरणपोळीची पंगत बसली होती. बालाजी घाटाजवळचे चार वैदिक. चौघेही भरदार.

मी मनातल्या मनात हिशेब केला. इंजिनाचं वजन साधारण दोन भटजी. आपण चार घेऊ. याला फॅक्टर ऑफ सेफ्टी म्हणतात.

जेवणं आटोपल्यावर मी दारात जाऊन उभी राहिले आणि माझी अडचण सांगितली.

"गाडीत बसायचं?" तात्या म्हणाले.

"गाडीवर. पुढे. थोडा वेळ."

"कुठे जाणार आहे?"

"कुठेच नाही, तात्या."

"मग बसायला हरकत नाही. चामडं कुठे लागतं का?"

"नाही, तात्या. लोखंड आणि लाकूड."

"पाट दे म्हणजे झालं. आणि झोप लागली तर उठवायचं नाही."

नाना हे ऐकून इतके खूष झाले की त्यांनी गाडीला हळदकुंकू वाहिलं. "आजवर हिला फक्त पेट्रोल मिळालं," ते म्हणाले.

चौघे चढले. गाडी घोड्यांवर घट्ट बसली. मी जॅक मारला आणि या वेळी स्प्रिंग दबली. अगदी पुस्तकातल्यासारखी. मला इतका आनंद झाला की मी बोल्ट काढायला घेतला. साखळी? साखळी मी विसरले नव्हते. ती पान्याच्या आड येत होती, म्हणून मी ती नीट गुंडाळून मडगार्डवर ठेवली होती. सगळ्यांना दिसेल अशी.

बोल्ट निघाला. मी जॅक थोडा उतरवला. आणखी थोडा. स्प्रिंग अर्धी मोकळी झाली. वर तात्यांना डुलकी लागत होती. चार वाजले होते. एक तास हातात, नोकरी जवळजवळ पक्की.

तेवढ्यात काकू, म्हणजे नानांची बायको, स्वयंपाकघराच्या मागच्या दारात तबक घेऊन आल्या. "अगंबाई, विडे द्यायचे राहिलेच की. घेता ना, तात्या?"

तात्या उठले.

आता हे समजून घ्या. मी आठ वर्षांची असल्यापासून पंगतीत मीठ वाढलेली मुलगी. पंगतीत वडीलधारा उठेपर्यंत कोणी उठत नाही आणि तो उठला की कोणी बसून राहत नाही, हे मला पाढ्यांच्या आधीपासून ठाऊक. तरी मी चौघांना बजावत बसले. एकट्या तात्यांना दोरीने बांधलं असतं तर पुरलं असतं.

तात्या उठले, तसे बाकीचे तिघे एका हालचालीत उठले. उपरणी सावरून. शिस्तीत. चार भटजी अंगणात उतरले आणि गाडीचं नाक हातभर वर गेलं.

स्प्रिंग निघाली.

माझ्या वेणीच्या शेजारून ती गेली. पायरीवर आपटली, उडाली, काकूंच्या तबकाखालून स्वयंपाकघरात शिरली आणि आडवी होऊन नव्या कोऱ्या जमिनीवर गडगडत चालली. कुठेही न थांबता, पत्ता विचारून आल्यासारखी, ती आग्नेय कोपऱ्यात पोचली आणि वास्तुपुरुषाच्या खड्ड्यात पडली. मागे गाडी घोड्यांवर आदळली.

"कोणाला लागलं का?" काकूंनी विचारलं. तबकातला एकही विडा पडला नव्हता.

मी धावत खड्ड्याशी गेले आणि हात घातला.

"थांब, पोरी," तात्या म्हणाले. त्यांच्या तोंडात विडा होता, त्यामुळे त्यांनी आधी तो नीट गालात सरकवला. "तिथे हात घालायचा नाही. निक्षेप झालाय. एकदा ठेवलं ते काढत नाहीत."

"तात्या, ती ठेवलेली नाही. पडलीय."

"स्वतःहून गेलीय. म्हणजे तर नाहीच."

"पण मला ती साहेबांना दाखवायचीय. माझी नोकरी आहे हो."

"नानांचं घर आहे," तात्या म्हणाले. नानांनी मान डोलावली. बाकीच्या तिघांनीही डोलावली, अर्थातच.

मिस्त्री आला. त्याने माती लोटली, फरशी बसवली आणि थापीने दोनदा ठोकली. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा मी अंगणात परत गेले. उजवी स्प्रिंग बाकी होती. या वेळी आधी साखळी बांधली. मग फक्त तात्यांना बोलावून वर बसवलं. बाकीचे तिघे आपोआप येऊन बसले. काकूंना मी देवाची शपथ घालून आत बसवलं. स्प्रिंग तसूतसूने मोकळी झाली आणि पाळण्यातल्या बाळासारखी माझ्या हातात आली.

पाचला मिश्राजी आले. जमिनीवरची एक स्प्रिंग त्यांनी बुटाने हलवून पाहिली.

"दूसरी?"

"निकल गई, सर."

"वह तो दिख रहा है. है कहाँ?"

मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि फरशी दाखवली. मग सगळं सांगितलं. साखळीचंही सांगितलं, कारण ती डाव्या मडगार्डवर होती हे तात्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. मिश्राजी वळून दाराबाहेर गेले. नोकरी गेली, असं मी धरून चालले. मुलींच्या शाळेतला विज्ञानाचा तास डोळ्यांसमोर आला.

मिश्राजींनी बाहेर बूट काढले. आत येऊन फरशीला वाकून नमस्कार केला.

"हमने कहा था, निकाल के रखिए," ते म्हणाले. "आपने रख भी दिया. कल नौ बजे आइए."

दारातून त्यांनी वळून पाहिलं. "चेन लेके."

त्यानंतर मी त्या गॅरेजात बरीच वर्षं काढली आणि मिश्राजी थकल्यावर ते चालवलंही. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी साखळी देते, असं माझी नात सगळ्यांना सांगते. ते अर्धंच खरं आहे. साखळीचं पुस्तकात आहे, ती कोणीही बांधेल. मी आधी त्यांना विचारते की आजूबाजूला जेवण झालेलं पण विडा न मिळालेलं कोणी आहे का.