मास्तरांचे पुढचे दोन दात

नाटक कंपनीच्या कपडेपटात चाळीस वर्षं राज्य केलं ते मास्तरांनी. राज्य म्हणजे एक शिलाई मशीन, तीन ट्रंका आणि खिळ्यांना टांगलेले अकरा राजे. कात्र्या चार होत्या. पण तिसरी घंटा होता होता सेनापतीची तुमान उसवली, तर कात्री शोधतो कोण? मास्तर टाका घालत, मान वाकवत आणि दोरा दातांनी कट्‌कन तोडत. हा आवाज झाल्याशिवाय पडदा वर जात नाही, अशी नटांचीही समजूत होती.

एका प्रयोगाला राणीच्या पांढऱ्या झग्यावर असाच शेवटचा टाका पडला, कट् झालं आणि राणी रंगमंचावर गेली. तिला विष पिऊन मरायचं होतं. पण छातीवरचा लाल ठिपका पाहून पहिल्या रांगेतल्या आजीबाई ओरडल्या, "अगं बाई, हिला आधीच कुणी भोसकलंय!" पेला ओठाला लागण्याआधीच प्रेक्षक हसून मेले.

ठिपका मास्तरांच्या हिरड्यांतल्या रक्ताचा होता.

"वर्षभर सांगतेय, दाखवून या," बायको म्हणाली.

"अगं, ब्रश लागला की रक्त येतं. म्हणून तर त्या बाजूला लावतच नाही मी."

"वा! छप्पर गळतं म्हणून तिकडे बघायचंच नाही!"

दातांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. तोंडात आरसा घालताच म्हणाल्या, "काका, शिवणकाम करता ना? दातांना दोऱ्याची खाच पडलीय."

मास्तर गारच पडले.

"रक्त ब्रशमुळे नाही येत. दातांवर कीटण साचून हिरडीखाली उतरलंय, म्हणून हिरड्या सुजल्यात. पुढचे खालचे दोन दात हलताहेत. कीटण मी काढते. घरी दोन वेळा मऊ ब्रश, सगळीकडे. आणि दोरा दातांनी तोडणं बंद. नाहीतर कवळी."

कवळी! दोऱ्याला अडकून राणीच्या पाठीवर लटकणारी कवळी मास्तरांना स्पष्ट दिसली. त्यांनी तिथल्या तिथे शपथ घेतली. बायकोनं लाल फितीत बांधून छोटी कात्री गळ्यात घातली.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाई आत हात धूत होत्या. खुर्चीवर त्यांचा कोट होता आणि कोटावर एका दोऱ्यावर लोंबणारं बटण. मास्तरांना ते बघवेना. स्वतःच्या कॉलरमागे ओवलेली सुई असायचीच. चार टाके, गाठ, कट्!

आतला नळ बंद झाला. "काका, आवाज कसला?"

"खुर्चीचा."

"मग गळ्यातली कात्री शोभेची का?"

"दाढेनं तोडला हो! पुढच्यांना कळूसुद्धा दिलं नाही."

बाईंनी बटण ओढून पाहिलं. हललं नाही. मग मास्तरांच्या दाताला बोट लावलं. हलला.

"लोकांचं घट्ट करता आणि स्वतःचं उसवता, काका?"

चाळीस वर्षांत मास्तरांच्या शिवणीला कुणी नाव ठेवलं नव्हतं. ते मान खाली घालून घरी आले आणि ब्रश त्या टाळलेल्या बाजूनं सुरू केला.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी बारीक सळईनं हिरड्या तपासल्या. रक्त आलं नाही. दातही जरा बळकट झाले होते.

त्याच संध्याकाळी राणीचा झगा पुन्हा उसवला. ठिपक्याच्या जागी आता मास्तरांनी भरलेलं लाल फूल होतं. तिसरी घंटा झाली. टाका पडला, सवयीनं मान वाकली. सगळ्यांनी श्वास रोखला. मान अर्ध्यावर थांबली आणि फितीतली कात्री वर आली. कच्!

"आवाज बदललाय हो, मास्तर," राणी कुरकुरली.

मास्तर तोंडभर हसले. "बदलू दे. दात तेच आहेत!"