पाण्यात राहिलेला वरवंटा

विठा पाण्याला घाबरते, हे शिरगावातल्या तिच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांना त्याची गंमत वाटायची. अर्ध्या बादलीत ती आंघोळ उरकायची, तीसुद्धा कडी न लावता. पिंपाचं झाकण उघडं दिसलं की आधी ते लावायची, मग बाकीचं बोलणं. पावसाळ्यात पोरं धबधब्यावर निघाली की ही आपल्या मुलाच्या, सुयोगच्या, चपला लपवून ठेवायची. सुयोग आता लग्न झालेला, नोकरी करणारा बाप्या. चपला लपवून तो थांबणार होता थोडाच? पण घाबरलेल्या माणसाला जे सुचतं ते तो करतो.

त्यात बाई बारवी नदीच्या काठची. भाताची लावणी करत गुडघाभर चिखलात जन्म गेलेली. कोळ्याने मासळीच्या वासाला नाक मुरडावं तसंच झालं हे. शेजारणी हसायच्या, विठाही त्यांच्याबरोबर हसायची, आणि विषय तिथेच संपायचा.

यंदा मात्र विषय संपेना. गुडघे पार गेले होते आणि घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेलं. डॉक्टर म्हणाले, साखर खाली आल्याशिवाय ऑपरेशन नाही. चालल्याशिवाय साखर खाली येणार नाही. आणि गुडघे तर चालू देत नव्हते. "पाण्यात चाला," डॉक्टरांनी तोड काढली. "पाणी तुमचा भार उचलेल. नाहीतर वर्षभरात घराबाहेर पडणं बंद होईल." विठाने मान डोलावली. घरी आल्यावर तिने तीन मजल्यांचा जिना वरून खालपर्यंत पाहिला.

सून श्रद्धा आनंदनगरच्या एका कारखान्यात हिशेब बघायची. पोरगी कामाला वाघ. नवीन वर्ष लागलं त्याच आठवड्यात तिने पोहण्याच्या एका तलावावर सासूचं नाव घातलं. तिथे दारावर मोठा बोर्ड होता, 'नवीन वर्ष, नवी तब्येत'. तब्येत म्हणजे काय उशीचा अभ्रा आहे बदलायला? पण जानेवारीत तिथे उभं राहायला जागा नसते. संक्रांतीचे तीळगूळ संपले की ही हौसही हळूहळू संपते.

बायकांच्या वेळेला विठा गेली. नवरा हिरामण बरोबर होता. पुरुषांना आत सोडत नव्हते, म्हणून तो तिच्या चपला हातात धरून दाराबाहेरच्या बाकावर बसला. शिकवणारी निशा उल्हासनगरची, हसरी मुलगी. "काकी, कमरेपर्यंतच पानी आहे. डरने का नाही. मी हात सोडणारच नाही," ती म्हणाली. विठाने दांडा धरला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. घोट्याला पाणी लागलं. श्वास आत जाईना. तळाच्या निळ्या फरशीच्या जागी तिला काळोख दिसू लागला. ती तशीच मागे फिरली.

"पाय तरी भिजला," बाहेर हिरामण म्हणाला. ती हसली नाही.

रात्री जेवताना सुयोगने तोडगा काढला. "आई, मी पण येतो. ऑफिसात बसून माझं पण पोट सुटलंय. रविवारी फॅमिली बॅच असते. दोघं मिळून पाण्यात उतरू."

विठाचा घास हातातच राहिला. "तू नाय उतरायचं."

"अगं, कमरेएवढं पाणी ते."

"मी उद्या उतरते. एकटी उतरते. पन तू पान्यात पाय ठेवायचा नाय."

सुयोगला वाटलं, आईला चेव आला. त्याने श्रद्धाकडे बघून डोळे मिचकावले. आईचा चेहरा त्याने नीट पाहिलाच नाही.

काही वर्षांपूर्वी बारवी धरणाची भिंत उंच झाली त्या पावसाळ्यात त्यांचं गाव पाण्याखाली जाऊ लागलं. सामान आधीच टेम्पोतून हललं होतं. नव्या जागी भांडी लावताना विठाला पाटा सापडला, वरवंटा सापडला नाही. तो साधा वरवंटा नव्हता. सुयोगच्या बारशाला तोच न्हाऊमाखू घालून, कुंची बांधून, बाळाच्या आधी पाळण्यात ठेवला होता. बाळ दगडासारखं टणक व्हावं म्हणून. सासू म्हणाली होती, हा तुझ्या पोराचा जोडीदार, ह्याला जप. असा जोडीदार कुणी मागे सोडून येतं का?

ती हिरामणला घेऊन परत गेली. ओटीवर पाणी गुडघाभर होतं. मागची पडवी खोलगट, तिथे ते छातीला लागलं. अंधारात पायाने चाचपून तिने वरवंटा शोधला, बुडी मारून उचलला आणि उराशी धरून परत फिरली. दारातून हिरामण ओरडला, "विठे, उंबरा हाय, पाय उचल." तिच्या कानांत पाणी गेलं होतं. काही ऐकू आलं नाही. ठेच लागली, ती तोंडावर पडली आणि पाणी नाकातोंडात गेलं. हिरामणने अंबाडा धरून तिला बाहेर ओढलं तेव्हा हात रिकामे होते. तो तिला पुन्हा आत जाऊ देईना. "दगुडच तो," म्हणाला, आणि पुढच्या महिन्यात त्याने मिक्सर आणला.

जोडीतला एक पाण्याने ठेवून घेतला होता. दुसरा, म्हणजे सुयोग, मागायला ते कधीतरी येणारच, ही धास्ती तेव्हापासून विठाच्या मनात घर करून होती. हे ती कुणाजवळ बोलली नव्हती. बोललं तर खरं होईल, याची भीती त्याहून मोठी होती.

सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी ती तलावात उतरली. घोटे, गुडघे, मांड्या. दात वाजत होते आणि ते थंडीने नव्हते. निशाने दोन्ही मनगटं धरली होती. घ्यायचं तर मला घे, विठा मनात पाण्याला म्हणत होती, त्याला नको, मी आलेय. पाणी कमरेला आलं आणि तिला पडवीतला तो कुजट वास आला. इथे नुसता औषधाचा वास होता, पण तिला तोच आला. पायाचा अंगठा कशाला तरी अडला आणि ती जागच्या जागी थिजली.

"काकी, खाली पट्टी उंच आहे. पाय वर घ्या. काकी?"

विठाला ऐकूच येत नव्हतं. निशाने आवाज चढवला, तो उघड्या दारातून बाहेर बाकापर्यंत गेला. हिरामण उठून उभा राहिला. बायकांच्या वेळेला पुरुषाने आत डोकवायचं नसतं, म्हणून दाराकडे पाठ करून तो ओरडला, "विठे, उंबरा हाय. पाय उचल."

हे ऐकू आलं. तिने पाय उचलला, पलीकडे टाकला, मग दुसरा.

बाहेर आल्यावर बाकावर बसून ती रडली आणि तिने सगळं सांगून टाकलं. वरवंटा, जोडीदार, पाण्याचं मागणं, आणि सुयोगला घरात ठेवायला म्हणून ती आज उतरली तेही. हिरामण हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. त्याने चपला तिच्या पायांजवळ सरळ करून ठेवल्या.

"विठे," तो म्हणाला, "वरवंटा बुडला कुठं? तो घरी हाय. आपली ओटी, आपली पडवी, तिथंच हाय. घर सोडून आपन आलो. त्यो नाय आला."

विठाने पदराने नाक पुसलं. मग तिच्या घराच्या पडवीत तो दगड कसा पडला असेल ते ती डोळे मिटून बघत राहिली.

भीती काही एका दिवसात जात नाही. त्या रात्रीही तिने पिंपाचं झाकण दोनदा जाऊन पाहिलं. पण रविवारी सकाळी सुयोग तयार व्हायच्या आत ती दारापाशी गेली, त्याच्या चपला उचलल्या, आणि उंबऱ्याबाहेर जोडीने मांडून ठेवल्या. एक चप्पल जरा वाकडी राहिली होती, ती तिने पुन्हा सरळ केली.