सोनगीरच्या अक्कांचा वाडगा

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून निघालेली नाही. बायकोला सांगितली नाही, मुलांना नाही, आणि ज्या नानांच्या घरी ती घडली त्यांना तर नाहीच. तशी ऐकायला ती किरकोळ आहे. कुणाचा जीव गेला नाही, कुणाची शेतीवाडी बुडाली नाही. चिनी मातीचा एक वाडगा होता — एवढंच. पण 'एवढंच' म्हणून झालं की मला पुढचं बोलता येत नाही. आज बोलून बघतो.

आधी आमच्या मंडळाविषयी सांगतो. टाळाटाळ करतोय असं वाटेल. करतोयच.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी जळगावच्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवत होतो. आम्ही आठ-नऊ जण चिनी मातीच्या भांड्यांच्या नादी लागलेले होतो. कुणाकडे कपबशा, कुणाकडे ताटल्या, कुणाकडे नुसत्याच फुलदाण्या. सोन्यासाठी नावाजलेल्या गावात आम्ही माती गोळा करत होतो, त्यामुळे लोक हसायचे. माझी बायको आमच्या मंडळाला 'फुटक्या कपांची पतपेढी' म्हणायची. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, टीव्हीवरची सकाळची मालिका संपली की आम्ही नानांच्या ओसरीवर जमायचो. नाना रेल्वेत गार्ड होते. सगळी नोकरी भुसावळला काढून निवृत्तीनंतर त्यांनी जळगावात घर बांधलं, आणि जुन्या रेल्वे कंपन्यांच्या छापाचे कप त्या घरात काचेच्या कपाटात नांदत होते. दीपनगरहून एका इंजिनियरच्या पत्नी यायच्या, आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो. चाळीसगावचा एक फोटोग्राफर पॅसेंजरने यायचा, मांडीवर खोकं धरून, लहान मूल आणल्यासारखा. हिवाळ्यात नानी भरीत आणि कळण्याची भाकरी करायच्या. खरं सांगायचं तर निम्मे लोक भरितासाठी यायचे.

प्रत्येकाने एकच वस्तू आणायची, असा नियम. आणि वस्तू हातोहात फिरण्याआधी ती वाजवायची. भांडं डाव्या हाताच्या तीन बोटांच्या टोकांवर तोलून धरायचं आणि काठावर नखाने टिचकी मारायची. अखंड भांडं घंटेसारखं वाजतं आणि आवाज रेंगाळतो. तडा असेल, मग तो डोळ्यांना दिसो न दिसो, तर बद्द वाजतं. वाजलं की नाना म्हणायचे, "हिरवा." बद्द वाजलं की म्हणायचे, "लाल." जन्मभर बावटे दाखवलेला माणूस, दुसरं काय म्हणणार? हिरवं भांडं टेबलावर जायचं, लाल भांडं खिडकीत. टेबलावरचं जे सगळ्यांत सुंदर ठरेल ते ओसरीच्या मधोमध एका स्टुलावर, क्रोशाच्या रुमालावर ठेवलं जायचं. त्याच्या मालकाला पहिला चहा.

टिचकी मारायचा मान माझा. माझा कान चांगला आहे, असं पहिल्याच वर्षी ठरून गेलं होतं. मला 'टिचकी मास्तर' म्हणायचे आणि ते मला आवडायचं — खोटं कशाला बोलू? पण तीन वर्षांत माझी एकही वस्तू त्या स्टुलावर गेली नव्हती. चित्रकलेच्या मास्तराकडे असून असून काय असणार? दुसऱ्यांची भांडी वाजवायची, दुसऱ्यांना पहिला चहा मिळताना बघायचा, आणि 'वा, वा' म्हणायचं. मी ते हसतमुखाने करत होतो. आतून मात्र मला ते सलत होतं, हे मला त्या रविवारपर्यंत नीटसं कळलंही नव्हतं.

दिवाळी नुकतीच सरली होती. भुसावळच्या जुन्या बाजारात, एका मोडक्या ट्रंकेच्या तळाशी मला एक किटली सापडली होती. पांढरी शुभ्र, कडेला सोनेरी रेघ, चोच इवलीशी. घरी मी ती पन्नासदा वाजवली असेल. यावेळी स्टूल माझं, हे मी मनाशी धरूनच नानांकडे गेलो. इतरांनी त्या दिवशी काय काय आणलंय हे मी ओसरीवर पाय ठेवताच डोळ्यांनी तपासलं. माझ्या किटलीच्या जवळपास जाणारं काहीच नव्हतं. मी खुशीत होतो.

मग अक्का आल्या.

नानांच्या शेजारी एस.टी.चा एक कंडक्टर राहायचा, त्याची ही मावशी. सोनगीरच्या शेतकऱ्याच्या घरची बाई, साठीच्या आसपासची. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, हातात चांदीचे गोठ. जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेलं एक गाठोडं घेऊन त्या पहाटेच्या गाडीने आल्या होत्या. त्यांच्या सासऱ्यांनी इंग्रजांच्या काळात हायवेवरच्या डाक बंगल्यात चौकीदारी केली होती. कुणी एक मडम जाताना त्यांना एक वाडगा देऊन गेली होती. आता नातीचं, मंगलचं, लग्न ठरत होतं. सोनगीर म्हणजे तांब्यापितळेचं गाव, तिथे ठोक्यांचा आवाज दिवसभर चालू. रुखवतात जो तो पितळच मांडणार. अक्कांना वाटत होतं की आपल्या नातीच्या रुखवतात हा वाडगा मधोमध ठेवावा, कुणाकडेच नाही असा. पण वस्तू शोभेलशी आहे ना, बरी आहे ना, हे जाणत्या माणसांना विचारावं. म्हणून त्या आल्या होत्या. त्यांना ना स्टूल ठाऊक होतं, ना पहिला चहा.

मी दाराजवळ होतो. गाठोडं सोडायला मीच मदत केली. आत लोक गप्पा मारत होते. शेवटचा पदर काढताना अक्कांच्या हातातला गोठ वाडग्याच्या काठाला हलकेच लागला.

तो आवाज मला अजून ऐकू येतो. इतका स्वच्छ आवाज मी त्या ओसरीवर कधी ऐकला नव्हता. आणि वाडगा — काय सांगू? दुधासारखं अंग, भोवती हिरवी वेल, वेलीला नारिंगी रंगाची बारीक फळं, हाताने रंगवलेली. मला रंगातलं थोडं कळतं. माझी किटली त्याच्यापुढे हॉटेलातली वाटली असती.

सगळे भोवती जमले. वहिनींनी तर तोंडावर हात ठेवला. फोटोग्राफर स्टुलाकडे बघायला लागला. नाना म्हणाले की मास्तर, वाजवा.

इथे मी थांबतो आहे. खरं तर थांबण्यासारखं काही नाही. पुढे जे झालं त्याला एक श्वास घेण्याइतकाही वेळ लागला नाही.

मी वाडगा घेतला तो तीन बोटांवर घेतला नाही. तळहातावर घेतला. तळहात पूर्ण टेकवला आणि अंगठा काठाला लावून ठेवला. तुम्ही घरी करून बघा — कितीही अखंड भांडं असो, असं धरलं की त्याचा आवाज मरतो. हे मला ठाऊक होतं. शाळेत पोरांना मी हेच दाखवायचो, घंटेवर हात ठेवला की घंटा कशी मुकी होते ते. मी टिचकी मारली.

बद्द.

पुन्हा मारली, सगळ्यांना नीट ऐकू यावी म्हणून. बद्द.

नाना हळहळले आणि म्हणाले, "लाल." तीन वर्षं माझ्या हाताकडे कुणी पाहिलं नव्हतं. सगळे आवाजच ऐकायचे, हाताकडे कशाला बघतील? आणि मी तर तोंडातून एक शब्दही काढला नव्हता. खोटं बोललो नाही, असं मी नंतर कितीतरी दिवस स्वतःला सांगत होतो. हाताने बोललेलं खोटं खोटं नसतं का?

अक्कांनी वाडगा हातात घेऊन उजेडात फिरवला. आतून पाहिला, बाहेरून पाहिला. मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "गुरुजी, खरंच तडा शे का? माले ते काहीच दिखत नही."

ही माझी दुसरी संधी होती. त्या बाई दोन गाड्या बदलून आल्या होत्या आणि माझ्याकडे असं बघत होत्या, जसं लोक डॉक्टरकडे बघतात. मी म्हणालो, "आतून असतो कधीकधी, अक्का."

वाडगा खिडकीत गेला. माझी किटली स्टुलावर गेली. पहिला चहा मला मिळाला आणि मी तो प्यालो. नानींनी अक्कांना आग्रह करून भरीत वाढलं. अक्कांनी ते खाल्लं. निघताना त्यांनी गाठोडं मघासारखंच बांधलं, मात्र आता ते छातीशी न धरता एका हातात लोंबतं धरलं होतं. गाडी किती वाजताची, एवढंच मी विचारलं.

तडकलेलं भांडं घरात ठेवत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. मलाही ते माहीत होतं. त्या क्षणी आठवलं नाही, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. आठवलं होतं. रुखवतात तर तसलं भांडं कोण ठेवील?

आठवड्याभरात मी एक पोस्टकार्ड लिहिलं. 'सौ. अक्का यांस, सा.न.वि.वि. तो वाडगा पुन्हा एकदा घेऊन यावा, पुन्हा वाजवून पाहू, कदाचित माझी चूक झाली असेल.' कदाचित! तिथेही मी कदाचित लिहिलं. कंडक्टरकडून पत्ता घ्यायचा होता. तो रोज सकाळी माझ्या समोरून डेपोत जायचा. कार्ड माझ्या हजेरीपुस्तकात राहिलं. आज देऊ, उद्या देऊ, करता करता मार्गशीर्ष गेला. मग मी स्वतःची समजूत घातली की अक्कांनी वाडगा ठेवलाच असेल, एवढी सुंदर वस्तू कोण टाकतं? संक्रांतीनंतर कंडक्टरच सहज बोलता बोलता म्हणाला की मावशीने वाडगा इतके दिवस गोठ्यात ठेवला होता, घरात घेतला नव्हता. संक्रांतीला तापीवर आंघोळीला गेली तेव्हा तो नदीत सोडला.

मी 'असं होय' म्हणालो.

वैशाखात मंगलचं लग्न झालं. मला पत्रिका आली. वर हळदकुंकू लावलेली, आत कंडक्टरच्या अक्षरात 'गुरुजींनी अवश्य यावे' असं लिहिलेलं. बायको म्हणाली की कोण हे लोक, इतक्या उन्हात कशाला जायचं? मी गेलो. का गेलो ते मला आजही सांगता येणार नाही. धुळ्याला गाडी बदलली, सोनगीरच्या फाट्यावर उतरलो, किल्ल्याच्या पायथ्याच्या वस्तीकडे चालत गेलो. मांडवात रुखवत मांडलेलं होतं. पितळेच्या घागरी, तांबे, पराती, समया — सगळं घासूनपुसून लखलखीत. मधोमध स्टीलच्या डब्यांची उतरंड होती. मी तिथे फार वेळ उभा राहिलो नाही.

अक्कांनी मला पाहिलं आणि हाताला धरून मांडवभर फिरवलं. आबांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, व्याह्यांना, सुनांना, साऱ्यांना सांगत होत्या की हेच ते जळगावचे गुरुजी, यांच्यामुळे तडकलेली वस्तू पोरीबरोबर जायची वाचली, नाहीतर काय अपशकुन झाला असता. व्याह्यांनी माझ्यापुढे हात जोडले. मग मानाच्या पाहुण्यांबरोबर मला खुर्चीवर बसवलं. त्यांच्या मुलाने माझ्या डोक्यावर पांढरी टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. नवरी पाया पडली. मी तिला आशीर्वाद दिला.

निघताना अक्का रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. मग म्हणाल्या, अगदी सहज, जशी एखादी राहून गेलेली गोष्ट सांगावी —

"नदीमा सोडाना पहिले मीबी टिचकी मारी दखी. माले ते चांगलं वाजनं, गुरुजी. पन मना कान पितळना. चिनीनं माले काय समजस?"

आणि हसल्या. त्या हसण्यात संशय नव्हता, बोच नव्हती. मी खूप वर्षं शोधली, निदान बोच तरी सापडावी म्हणून. त्या खरोखरच स्वतःच्या कानाला हसत होत्या.

ते डोळे माझ्याकडे बघत होते, रस्ता रिकामा होता, गाडीला अवकाश होता. एक वाक्य बोलायचं होतं. मी डोक्यावरची टोपी नीट केली आणि म्हणालो की येतो, अक्का.

त्यानंतर मंडळ पाच-सहा वर्षं चाललं. मी टिचक्या मारत राहिलो, नाना हिरवा-लाल म्हणत राहिले, आणि माझ्या कानाचं कौतुक होत राहिलं. नाना गेले, फोटोग्राफरने दुकान मुलाला दिलं, आणि रविवार आपोआप बंद झाले. अक्का गेल्याचंही कंडक्टरनेच सांगितलं. तेव्हाही मी 'असं होय' म्हणालो. किटली माझ्याकडे आहे. तिच्यात चहा कधी केला नाही.

मत्सर होता, असं म्हटलं तर ते कारण दिल्यासारखं होईल. कारण द्यायचं नाही. एका दुपारच्या स्टुलासाठी मी ते केलं, आणि नंतरचे सगळे दिवस मी ते बदलू शकत असताना बदललं नाही.

वाडगा अखंड होता. अक्कांनी बरोबर ऐकलं होतं.